ईश्वरसाक्ष न म्हणता

बाबा,

तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली. मेलेल्या माणसाशी बोलत बसायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. गेला तो गेला, म्हणायचात. तरी लिहितोय, कारण मागच्या मंगळवारी मी कोर्टात खोटं बोललो आणि ते जिवंत माणसांत कुणाला सांगायची सोय नाही.

तुम्ही आमची कोथरूडची सोसायटी पाहिली नाहीत. सगळ्या इमारतीत बौद्ध घर माझं एकट्याचं, तरी मला सेक्रेटरी केलं याचं मला केवढं अप्रूप! आवारात गणपतीचं छोटं देऊळ बांधलं. रविवारी मूर्तीची स्थापना होती आणि त्याआधी गुरुवारी लिफ्टच्या मेकॅनिकने माझ्या हातात एक कागद दिला. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसतानाही दार उघडतंय, दुरुस्ती होईपर्यंत लिफ्ट बंद ठेवा, असं त्यात लिहिलेलं. तो म्हणाला, "आत्ताच बंद करतो." मी म्हटलं, "लोकांना आधी कळवतो, संध्याकाळी मीच बंद करतो." पोच द्यायला पेन काढलं तर हसला. "राहू द्या साहेब, तुमची काय सही घ्यायची? सरळ माणूस हाय तुम्ही."

मी लिफ्ट बंद केली नाही. रविवारी म्हातारे पाहुणे येणार, जेवणं गच्चीवर. लिफ्ट बंद दिसली असती तर सोसायटीतले लोक म्हणाले असते, बघा, यांना देव नको म्हणून ऐन वेळी खोडा घातला. कुणी म्हणालं नव्हतं हो! माझं मीच मनात ऐकलं. कागद घडी करून खिशात घातला. शनिवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावर स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी, दोन्ही हातांत पिशव्या, मागे वळून बाईंशी काहीतरी बोलत, कोपराने दार ढकलून आत पाऊल टाकतात. मी खाली पार्किंगमध्ये उभा आहे. तो आवाज मला अजून ऐकू येतो. चहा गाळताना येतो, दात घासताना येतो.

मावशी गेल्या, आणि आता खटला मेकॅनिकवर चालू आहे. धोका माहीत असून सांगितला नाही म्हणून. तो सांगतोय, कागद दिला होता, सेक्रेटरींच्या हातात दिला होता. त्याच्या वकिलाने मला विचारलं, "असा कागद मिळाला होता का?" मी म्हटलं, "नाही." मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, बाबा. ऐकण्यात आपलीच काही चूक झाली असावी, असं पाहिलं. मला तुरुंगाची भीती वाटली, आणि त्याहून जास्त 'शेवटी हे लोक असलेच' हे ऐकायची.

विश्रांतवाडीचं आपलं घर आठवतं. मी शेजारच्या काकूंची कुंडी फोडली होती आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून सांगत होतो, "देवाशप्पथ मी नाही फोडली." आई भाकरी थापता थापता थांबली. तुम्ही पेपर खाली न ठेवताच विचारलंत, "कुठल्या देवाची? आपल्याकडे राहायला कधी आला?" मी रडकुंडीला आलो. मग रागाने विचारलं, देवच नाही तर खोटं बोलल्यावर शिक्षा कोण करणार? "कुणीच नाही," तुम्ही म्हणालात. "काकू देवाला भिऊन खोटं बोलत नाहीत. मी कुणाला भीत नाही, तरी खोटं बोलत नाही. ज्याला फसवायचं, त्याचं नुकसान देव असला-नसला तरी तेवढंच. ते बघ आणि ठरव." एवढं बोलून पान उलटलंत. मला ते तेव्हा फार कोरडं वाटलं होतं.

त्या मेकॅनिकच्या कपाळाला रोज अष्टगंध असतो. माझ्या घरात तुमची पंचशीलाची पाटी आहे. पण मी कोर्टात 'नाही' म्हटलं त्या क्षणी काय घडलं ते आम्हा दोघांना सारखंच कळलं. ते कळायला त्याला देव लागला नाही, मला धम्म लागला नाही. म्हणजे तुमचं खरं होतं. पण खरं कळून माणूस खरं बोलतो, असं तुम्ही धरून चालला होतात, आणि तिथे तुम्ही चुकलात. किंवा मीच चुकीचा निपजलो.

साक्षीच्या पिंजऱ्यात कारकून म्हणाला, ईश्वरसाक्ष म्हणा. मी ताठ मानेने सांगितलं, मी प्रतिज्ञा करेन. बघणाऱ्याला वाटलं असेल, काय तत्त्वाचा माणूस! तत्त्व कसलं, बाबा. ईश्वरसाक्ष म्हणून खोटं बोलायची माझी छाती झाली नसती. ज्याला मी मानत नाही त्याला घाबरलो, आणि जे मानतो त्याची लाज वाटली नाही.

मेकॅनिकच्या वकिलाचा पत्ता मी शोधून ठेवलाय. उद्या जाणार, असं दोनदा लिहून खोडलं, कारण तुम्हाला तरी खोटं लिहायचं नाही. एवढं मात्र खरं आहे: तो कागद मी अजून फाडलेला नाही. काल बेसिनवर काडी पेटवून उभा होतो. घरात मी एकटाच. तरी कुणी बघत नाही ना, म्हणून तीनदा मागे वळून पाहिलं.