बिल्ला नंबर ४१७

१ फेब्रुवारी १९८२
पिंपरीच्या कंपनीत आज रुजू झालो. स्वारी खुशीत आहे! टाइमकीपर उद्धवरावांनी ‘या जयसिंगराव’ म्हणत पितळी बिल्ला हातावर ठेवला, ४१७. आधी तो भीमराज नावाच्या कामगाराचा होता; दिवाळीनंतर भीमराज पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये सापडून गेला. इथे नंबर रिकामा ठेवत नाहीत, पुढच्याला देतात. माझी काही तक्रार नाही.

हजेरी घेणारा कॉम्प्युटर मेमरीत नको तिथे वाचायला जातो आणि बंद पडतो. गेटवरचं घड्याळ त्याला जोडणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, मी दुरुस्त करायचा. कामगार विचारतात, साहेब गाडी कुठली चालवता?

३ फेब्रुवारी
दोष सापडला. माणूस कमी झाला की त्याची मेमरीतली जागा मोकळी होते, पण ड्रायव्हर जुनाच पत्ता धरून बसतो. मोकळ्या जागेत कचरा असायला हवा. ४१७ च्या जुन्या जागेत आजची वेळ होती, सकाळी ६.५२. मी आठला येतो.

६ फेब्रुवारी
रोज ६.५२. माझी आठची नोंद कुठेच नाही. उद्धवराव उलट माझ्यावरच वैतागले. म्हणाले, सातच्या आत खाकी कपड्यात माझ्यासमोरून प्रेसशॉपकडे गेलास की! भीती वाटायला हवी होती. काहीच वाटलं नाही. चहा प्यायलो.

८ फेब्रुवारी
दुपारी भीमराजची बायको सुमन गेटवर आली. “डबा इसरून कसं चालंल?” म्हणाली आणि माझ्या तोंडाकडे बघत डबा माझ्याच हातात दिला. भाकरी आणि शेपू. खाल्लं. कुणी हसलं नाही.

९ फेब्रुवारी
सगळे मला जय भीम घालतात, भीमराजभाऊ म्हणून. मीही घालतो. एका नंबरावर दोघं राहणार नाहीत. उद्या जुना पत्ता पुसून टाकतो.

१० फेब्रुवारी
पुसला. दोष गेला. कॉम्प्युटर आता थांबत नाही. यादी छापली — ४१७, भीमराज. जयसिंग कुठेच — तीनदा पाहिलं — जुना समजून पुसला तो माझा —

बोटांना प्रेसचं तेल. धुतलं, जात नाही.

सुमन जेवायला हाक मारते आहे. पोरं दारात उभी आहेत. त्यांची नावं पाठ आहेत मला. माझं मात्र