मथुरेच्या माराचं दृश्य

अंधेरी, ता. १४ जानेवारी १९५७

ती. सौ. वसुताईस,
सा. न. वि. वि.

काल आमचा मूकपट पाहायला तू पोरांना घेऊन मुलुंडहून घाटकोपरच्या शाळेत आलीस, फार बरं वाटलं. बोरिवलीच्या खेळाला नऊच माणसं होती, त्यातली दोन झोपली. काल मात्र टाळ्या पडल्या! मथुरेसारख्या कोळीवाड्यातल्या बाईला इतका अभिनय कुणी शिकवला, असं एका डॉक्टरांनी विचारलं. मी शिष्टासारखी मान डोलावली. दोन वर्षं कचेरीच्या रजा यात घातल्या, त्याचं चीज झालं म्हणायचं.

आता वेसाव्याच्या कोळ्यांनीच बोलावलंय. शनिवारी त्यांना दाखवणार.

लोभ आहेच, सोबत तिळगूळही यावा.

तुझा विद्याधर

मुलुंड, ता. १७ जानेवारी

चि. विद्यास अनेक आशीर्वाद.

तिळगूळ पाठवते, पण आधी एक सांग. नवरा मथुरेला मारतो त्या दृश्यात तिचा ओठ सुजलेला दिसतो. तो रंग कुणी लावला होता? डाव्या हातातला चुडा फुटला, तो खोटा होता का? आणि पडद्यावर नवरा झालेला अनंता तिचा खराच नवरा ना? आजूबाजूचे टाळ्या वाजवत होते आणि मला संताप येत होता. खरं काय ते कळव. तोवर तिथे खेळ लावू नकोस.

तुझ्या काळजीत,
वसुधा

अंधेरी, ता. २१ जानेवारी

ती. सौ. ताईस सा. न.

तुझं पत्र शनिवारी दुपारीच मिळालं होतं. वाचून खिशात घातलं आणि खेळ लावला. अक्कल गहाण टाकली होती.

पडद्याच्या जागी होडीचं शीड बांधलं, बर्फाच्या कारखान्यातून विजेची तार ओढली. तीनेकशे माणसं वाळूत बसली. पडद्यावर ओळखीचं तोंड दिसलं की एकच हशा. मग ते दृश्य आलं. चुडा फुटला आणि बायका एकदम गप्प झाल्या. कोळणी उजव्या हातातल्या बांगड्या लग्नातच समुद्राला देतात. डावा चुडा नवऱ्याच्या जिवाचा. नवरा जिवंत असताना कुठलीच कोळीण खेळासाठी तो फुटू देणार नाही. हे तिथल्या पोरींनाही ठाऊक, मला नव्हतं.

मथुरेची आई रुक्मिणी उठली. पुढे विडी ओढत बसलेल्या अनंताच्या तोंडावर तिनं वल्हं घातलं. त्याचे दात वाळूत पडले. मग पंधरा-वीस जणी तुटून पडल्या. शीड फाटलं, यंत्र उलटलं, माझा मित्र नंदू त्याखाली सापडून त्याची बोटं चेचली. त्या गोंधळात अनंता निसटला आणि घरी गेला. मथुरेला त्यानं खेळाला येऊ दिलं नव्हतं. त्यानं कोयता घेतला. तिचा डावा हात हाडापर्यंत चिरलाय. शेजारणींनी दार तोडलं म्हणून ती वाचली.

तिला काडीमोड हवा आहे आणि लेक स्वतःकडे. रविवारी पंच बसतील. तो मार म्हणजे नाटक होतं, साहेबानंच, म्हणजे मीच, मारायला सांगितलं, असं अनंता म्हणतो. तिची जखमसुद्धा तो पडून झाल्याचं सांगतो. मला साक्षीला बोलावलंय. नाटकच होतं म्हटलं तर मी सुटतो, आणि ती पुन्हा त्याच्या घरात जाते. काय करू?

विद्याधर

मुलुंड, ता. २३ जानेवारी

विद्या,

हे मला विचारावं लागतं याचीच लाज वाटते. जा आणि सगळं सांग. अर्धवट सांगून आलास तर या घराची पायरी चढू नकोस.

वसुधा

अंधेरी, ता. २८ जानेवारी

ती. सौ. ताईस सा. न.

सांगितलं. कागदावर फक्त हात उगारायचा होता. अनंतानं खरंच मारलं, तेव्हा मला ते झकास वाटलं. उजेड कमी पडला म्हणून मी पुन्हा करायला लावलं, आणि मग तिसऱ्यांदा. चुडा दुसऱ्या वेळी फुटला. हे ऐकताना रुक्मिणी माझ्या अंगावर धावली, दोघांनी धरली. तिनं फेकलेला दगड कपाळाला लागला. लागला ते बरंच झालं.

मथुरेला काडीमोड मिळाला, लेक तिच्याकडेच राहील. मी कोळीवाड्यात पुन्हा पाऊल टाकायचं नाही, असाही निवाडा झाला.

मी निघालो तेव्हा मथुरेनं थांबवलं. हात गळ्यात बांधलेला होता. तिसऱ्या वेळी खाली पडल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं होतं, तेव्हा मी काय केलं, एवढंच तिनं विचारलं.

ताई, चेहरा नीट दिसावा म्हणून कॅमेरा घेऊन मी दोन पावलं पुढे गेलो होतो. तिला तसंच सांगितलं.

लोभ मागायला तोंड उरलेलं नाही.

विद्याधर