जमिनीतला झरोका

४ नोव्हेंबर

सूनबाई भोक म्हणते, मी झरोका म्हणतो. वस्तू एकच! वाचनालयाच्या वरच्या मजल्याच्या जमिनीत गोल मोकळी जागा सोडायची आहे, भोवती कठडा. वर मुलांची खोली, खाली पुस्तकं देण्याघेण्याचं दालन. इमारत किती तापेल, वीज किती खाईल, याचा हिशेब सूनबाईचं ऑफिस आर्किटेक्टबाईंना आधीच कॉम्प्युटरवर मांडून देतं. मी जन्मभर कारखान्यांतून हवेचे नळ टाकले, हात अजून शिवशिवतात. म्हणून एखादा हिशेब ती माझ्यापुढे सरकवते. हा माझा.

आमच्या शाळेत वरच्या वर्गाच्या जमिनीला लाकडी फळ्या, त्यांत फट होती. वर कविता चालायची आणि खाली आमच्या गणितात गळायची. शब्द कळत नसत, चाल कळे. त्या चालीपायी छड्या खाल्ल्या.

७ नोव्हेंबर

सूनबाईने बजावलं, भिंतीतल्या खिडकीसारखं धरू नका, हे आडवं आहे. वर यंत्राने गार केलेली हवा, म्हणजे जड. खालची तापलेली, म्हणजे हलकी. जड वर आणि हलकी खाली असली की एकाच भोकातून एक उतरते आणि एक चढते — एकदमच! अरुंद जिन्यात भेटलेल्या जावाच की, मी म्हणालो. ती हसली.

हसण्यासारखं काही नाही. तसं झालं तर वरचा सगळा गारवा खाली सांडणार. मग झरोक्यावर काच बसणार. काचेतून कविता कशी गळेल?

९ नोव्हेंबर

खालच्या दालनाला रस्त्याच्या बाजूने नुसती काच आहे. नकाशात स्पष्ट दिसतं. मी कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये काचेऐवजी जाड दगडी भिंत भरली — आमच्या शाळेची. दालन लगेच गार पडलं. गार हवा खाली, त्याहून उबदार वर, मग कुणीच जागचं हलत नाही. झरोका उघडा राहून हिशेब आटोक्यात!

नजरचूक नव्हे. माहीत असून केलं.

सूनबाईला पाठवून दिलं. "झालंसुद्धा? वा, बाबा!" उघडून बघितलंही नाही तिने. एवढा विश्वास.

१० नोव्हेंबर

हिशेब परत मागायला तिच्या दारापर्यंत गेलो आणि चहाचं विचारून परत आलो.

२ एप्रिल

वाचनालय सुरू झालं. झरोक्यावर काच नाही! चिरंजीव म्हणतात, बाबांचं आणि त्या भोकाचं सूत जुळलंय. सगळे हसले. मीही हसलो, जरा जास्तच.

१९ एप्रिल

सूनबाई गॅलरीत जाऊन फोनवर बोलते, दार ओढून घेऊन. तुकडे ऐकू आले. "वर उकडतंय"... "हो, कळतंय मला"... मला बघून आवाज खाली आणला. काय झालं म्हणून विचारलं, तर काही नाही बाबा, ऑफिसचं रडगाणं.

२४ एप्रिल

राहवेना, स्वतः जाऊन आलो. बाहेर ऊन मी म्हणत होतं. खाली झरोक्याखालच्या टेबलाशी ग्रंथपालबाई शाल पांघरून बसलेल्या. वरून थंडीची धार लागते म्हणाल्या, मान आखडली. वर मुलं पुस्तकांनी वारा घेत होती. यंत्र घरघरत होतं, गारवा कुठेच नाही. कठड्यावरून हात आत धरला. गार हवा बोटांमधून खाली निसटत होती आणि मनगटाला खालची गरम वाफ. सूनबाईने सांगितलं होतं, अगदी तस्सं!

एक मुलगी मोठ्याने कविता वाचत होती. दोन ओळी झाल्या आणि पुस्तक मिटून पाणी प्यायला गेली.

ग्रंथपालबाईंनी विचारलं, आजोबा, कुणाकडून आलात? सहज आलो म्हणालो.

२७ एप्रिल

जेवताना चिरंजीवांनी तिला सरळ विचारलं, त्या वाचनालयाचं तुझ्यावर येणार का? आर्किटेक्टबाईंचं काम सुटलं तर ऑफिस चालायचं कशावर? ती म्हणाली, बघू. एवढंच. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी भात मागून घेतला. थू!

२ मे

उद्या आर्किटेक्टबाईंकडे बैठक. मीही येतो म्हणालो. सूनबाई चपापली. "कशाला बाबा, उन्हाचं?" तिला वाटलं असेल, म्हातारा तिथे काव्य सुरू करेल. जाणार. सगळ्यांसमोर सांगणार की भिंत मी बदलली, हिच्यावर बोट ठेवू नका. काय वाक्य बोलायचं ते चार वेळा मनात घोळवलं. दर वेळी त्यात शाळा येते. शाळा गाळायची.

३ मे

सांगितलं. उभा राहून. शाळा आलीच.

आर्किटेक्टबाई बुचकळ्यात पडल्या. "काका, पण तुमचा हिशेब आमच्याकडे आलाच नव्हता. हिने स्वतः केलेला आला. काच बसवा म्हणून हिने केवढं भांडण केलं! वाचनालयवाल्यांनीच ऐकलं नाही. आज त्यासाठीच तर जमलोय."

सूनबाईची मान खाली. कान लाल झालेले.

बसमध्ये तिने दोघांची तिकिटं काढली. मग ती खिडकीकडे बघत म्हणाली, "बाबा, दवाखान्याचं काम आलंय. त्याचा हिशेब तुम्ही कराल?"

करतो म्हणालो.