लॅब्रॅडॉर आणण्यापूर्वीचे छप्पन्न दिवस

४ जानेवारी, रविवार

निर्णय झाला. लॅब्रॅडॉर आणायचा.

प्रतिक्षाला हे वचन मी ती चौथीत असताना दिलं होतं. आता ती सातवीत आहे. मधली तीन वर्षं वाया गेली असं सुधा म्हणते. ती अभ्यासाची वर्षं होती. जिवंत प्राणी घरात आणणं म्हणजे मिक्सर आणणं नव्हे, हे माझ्या बायकोला, स्वतः शिक्षिका असून, समजावून सांगावं लागतं.

सकाळी बावड्याच्या फुलाबाईंचा फोन. त्यांच्या केळीच्या रानाची माती आमच्या प्रयोगशाळेत तपासायला येते. रान खारवट का झालं ते मीच शोधून दिलं होतं. त्यांच्या मैनाला, म्हणजे लॅब्रॅडॉर कुत्रीला, आज पहाटे सात पिल्लं झाली. म्हणाल्या, "साहेब, पैली निवड तुमची. बाकीच्यांनी मागनं." पिल्लं दोन महिने आईजवळ राहणार. न्यायची १ मार्चला. छप्पन्न दिवस. भरपूर आहेत.

प्रतिक्षा सोफ्यावर उड्या मारत होती. उड्या म्हणजे तयारी नव्हे, हे समजावलं.

आबा म्हणाले, "माज्या मेंढरांमागं चार-चार कुत्री असायची. येकाचाबी अभ्यास केला न्हाय." वर असंही म्हणाले की लहानपणी कुत्रं दिसलं की मी त्यांच्या धोतरात शिरायचो. आबा सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. या वयात आठवणींची सरमिसळ होते.

६ जानेवारी, मंगळवार

दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर हेतू व व्याप्ती. दुसऱ्यावर संकल्प. उद्यापासून पहाटे साडेपाचला उठून चालायला जाणे. लॅब्रॅडॉरला रोज तासभर व्यायाम लागतो, तेव्हा मालकाला सवय आधी हवी. आवाजात अधिकार आणणे. घरातला प्रमुख कोण, हे कुत्रं पहिल्या आठवड्यात ओळखतं म्हणे.

सुधाला हे वाचून दाखवलं. म्हणाली, "ओळखेल की. तुम्ही नका काळजी करू."

७ जानेवारी, सकाळी ७.१०

गजर बरोबर साडेपाचला झाला. म्हणजे यंत्रणा चोख आहे.

११ जानेवारी, रविवार

पुस्तकात लिहिलंय की पिल्लू येण्याआधी घर त्याच्या उंचीवरून पाहावं. म्हणून सकाळी हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत रांगत गेलो. निष्कर्ष: टीव्हीच्या वायरी धोकादायक. चपलांचा रॅक धोकादायक. दिवाणाखाली पेढ्यांचे चार कागद. हे माझेच. साखर वाढल्यापासून मी पेढे बंद केले आहेत असं घरात सर्वमान्य आहे, पण निरीक्षकाने स्वतःविरुद्धचा पुरावाही नोंदवावा, म्हणून इथे नोंदवला. सुधाला सांगणं या अभ्यासाच्या व्याप्तीत येत नाही.

दिवाणाखालून बाहेर येताना समोर शेजारचे सावळाराम उभे. हातात पुतणीच्या लग्नाची पत्रिका. त्यांनी आबांना विचारलं, साहेबांचं काय हरवलं. आबा म्हणाले, "काय न्हाय. ल्योक कुत्रं व्हायलाय. बसा, च्या घ्या."

१८ जानेवारी, रविवार

सहकुटुंब बावडा. इंदापूरला चहा. आबा पुढच्या सीटवर, मेंढरं घेऊन ह्याच रस्त्यानं कसे जायचे ते सांगत होते.

पिल्लांचे डोळे नुकतेच उघडलेत. तीन काळी, चार पिवळी. फुलाबाईंची पद्धत अशी की ज्याला जे पसंत, त्याने त्या पिल्लाच्या गळ्यात आपल्या रंगाचा दोरा बांधायचा. दोरा बांधला की ते त्याचं. मग कोणीही येवो. इंदापूरच्या एका डॉक्टरांनी दोन पिल्लांना लाल दोरे आधीच बांधून ठेवले होते. फुलाबाई जरा ओशाळल्या. म्हणाल्या, "तुमची वाट बघितली साहेब. पर डागदर दारात बसूनच राह्यले."

मला वाईट वाटलं नाही. सातातून पाच उरली की निर्णय सोपा होतो.

प्रतिक्षाने एक काळं उचललं, छातीशी धरलं, आणि बाबा हेच, बाबा हेच, असा घोष लावला. मी तिला सांगितलं, स्वभाव एकोणपन्नासाव्या दिवशी कळतो. आज दोरा बांधणं म्हणजे पेरणीआधी उताऱ्याचा आकडा सांगणं. तिने पिल्लू माझ्यापुढे धरलं. मी घेतलं नाही. निरीक्षकाने नमुन्याला हात लावू नये. हात मागे बांधून चार फुटांवरून पाहिलं.

फुलाबाई हिरवा दोरा घेऊन उभ्या होत्या. त्यांना म्हटलं, पुढच्या खेपेला.

२४ जानेवारी, शनिवार

आज उठलो! ५.३५. कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथे दोन भटकी कुत्री बसली होती. आपल्याकडे नवा प्राणी यायचा आहे, तेव्हा स्थानिक प्राण्यांना आत्तापासून बिथरवणं बरोबर नाही. परत फिरलो. यापुढे गच्चीवर चालणार. गच्चीवर हवाही चांगली असते.

१ फेब्रुवारी, रविवार

दुसरी खेप, पुन्हा सहकुटुंब. पिल्लं धावू लागलीत. दोरे नसलेली चार.

दोन चाचण्या योजल्या होत्या. पहिली, पातेल्यावर चमचा आपटणे. कोण दचकतं ते पाहायचं. मैना दचकली. पिल्लांना पातेल्यात खाणं आहे असं वाटलं. दुसरी, अचानक छत्री उघडणे. धीट पिल्लू जवळ येतं, भित्रं पळतं. सातही पिल्लं एकदम माझ्या पायांवर आली. निरीक्षण उंचावरून नीट होतं, म्हणून मी बाजेवर चढलो. छत्री उघडीच राहिली.

फुलाबाई पदरात तोंड लपवून हसत होत्या. "साहेब, उतरा. दात यायचेत अजून त्यास्नी." मी सांगितलं, उतरतो, आधी नोंदी पूर्ण होऊ द्या. नोंदी पूर्ण व्हायला अर्धा तास लागला. तेवढ्यात पिल्लं आबांच्या धोतराच्या सोग्यावर एकावर एक झोपली. हा निकाल धरला नाही. आबांच्या अंगाला जन्मभराचा मेंढरांचा वास आहे, नमुना दूषित.

निघताना मोजलं तर दोरे नसलेली तीनच. मी बाजेवर असतानाच कोणीतरी एका काळ्याला हिरवा दोरा बांधून गेलं. काय घाईची माणसं असतात! न बघता, न तपासता.

परतीच्या वाटेत प्रतिक्षा गाणं गुणगुणत होती. हट्ट नाही, रडारड नाही. संयम शिकते आहे. या अभ्यासाचा हा अनपेक्षित फायदा.

१४ फेब्रुवारी, शनिवार

फुलाबाईंचा फोन. एकच उरलंय, पिवळं. म्हणाल्या, "साहेब, पान्याची पाळी असतीया. आपल्या पाळीला दारं धरलं न्हाय, तर पानी पुढल्याच्या रानात जातंय. त्येला आपुन काय करावं?"

मी त्यांना एकोणपन्नासावा दिवस समजावला. त्या "बरं" म्हणाल्या. शेतकरी माणसाला शास्त्र पटवायला वेळ लागतो, पण पटतं.

घरी सांगितलं, एक उरलंय. सुधा भाजी निवडत म्हणाली, "हो का?" एवढंच. तिलाही आता पद्धतीवर विश्वास बसलेला दिसतो.

२२ फेब्रुवारी, रविवार

एकोणपन्नासावा दिवस. चाचणीचे आठ तक्ते घेऊन एकटाच गेलो. घरातले कोणी आले नाहीत. सुधा म्हणाली, तुमचं काम आहे, तुम्हीच जाऊन या.

सातही पिल्लांच्या गळ्यात दोरे.

फुलाबाईंनी पाणी दिलं. सकाळी दहा वाजता अकलूजचे लोक येऊन पांढरा दोरा बांधून गेले. मी साडेदहाला पोचलो. एका तक्त्यावर ओळी आखायच्या राहिल्या होत्या, म्हणून इंदापूरच्या स्टँडसमोर पाऊण तास थांबलो होतो.

हे घरी सांगणं फार जड गेलं. प्रतिक्षाने ऐकलं आणि आत जाऊन उशीत तोंड खुपसलं. तिचे खांदे हलत होते. मी दारात उभा राहिलो. आत जाववेना.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

प्रतिक्षा माझ्याकडे बघत नाही. जेवताना नजरानजर झाली की तोंडावर हात धरून उठते. चार दिवस झाले.

अकरा ठिकाणी फोन केले. कुठेच पिल्लू नाही. नरसिंहपूरच्या बाजूला एकाकडे मोठा अल्सेशियन आहे. "जरा चावतोय, पर मनानं चांगला हाय." विचार करून सांगतो म्हटलं.

आज प्रयोगशाळेत मातीचे नमुने चाळताना एक विचार आला. माती तपासायला मला आठ दिवस लागतात. पिल्लू तपासायला तीन वर्षं आणि एकोणपन्नास दिवस लागले, आणि एकदाही हात लावला नाही. हे तपासणं होतं की

वाक्य अपुरं ठेवतो. दमलो की माणूस काहीही लिहितो. तरी एवढं खरं, की पोरीला दिलेला शब्द मोडला. तिला पत्र लिहायला घेतलं. "प्रिय प्रतिक्षा, या प्रश्नाला तीन बाजू आहेत" इथपर्यंत झालंय.

१ मार्च, रविवार

दुपारी वामकुक्षी घेऊन उठलो तर घरात कोणी नाही. गाडीही नाही. साडेपाचला तिघं परत आली. प्रतिक्षाच्या मांडीवर काळं पिल्लू. गळ्यात हिरवा दोरा.

सुधाने १ फेब्रुवारीलाच बांधला होता. मी बाजेवर असताना. मला का सांगितलं नाही असं विचारलं. म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही आणखी एक तक्ता केला असता." आबांना माहीत होतं. फुलाबाईंना तर होतंच. सावळारामांनासुद्धा. उशीत तोंड खुपसून ते खांदे हलत होते, तेही रडण्याने नव्हे. प्रतिक्षाने गळ्यात पडून माफी मागितली आणि माफी मागता मागताच पुन्हा फिस्सकन हसली.

मी रागावलो नाही. घरात निर्णय एकमताने झाला, ही समाधानाची बाब आहे. माझं मत तेवढं घ्यायचं राहिलं. १ फेब्रुवारीच्या नोंदी काढून पाहिल्या: सातांत हे पिल्लू शेवटच्या क्रमांकावर होतं. कोणाला सांगितलं नाही.

नाव आबांनी ठेवलं. ढेकूळ. काळ्या रानातलं नांगरटीचं ढेकूळ असतं, तसंच आहे म्हणे.

२ मार्च, सोमवार, संध्याकाळी ६.२०

सगळे कोपऱ्यावरच्या दुकानात ढेकळासाठी वाडगा आणायला गेलेत. मी वाडग्यांचा अभ्यास केलेला होता, पण आबा म्हणाले, "तू बस हितंच. सोबत कर त्येला."

गेली वीस मिनिटं मी खुर्चीवर पाय वर घेऊन बसलो आहे. ते खाली झोपलंय, आणि कोवळ्या पिल्लाची झोप मोडणं शास्त्राला धरून नाही. पाय खाली सोडला तर मोडेल.

६.२५. जागं झालं. माझ्याकडे बघतंय. मीही बघतोय. पोट केवढं, पाय केवढाले. दात आलेत.

६.३१. शेपटी हलवतंय.

६.४०. खरं लिहायचं तर मला कुत्र्यांची भीती वाटते. पहिल्यापासून वाटते. आबांची आठवण शाबूत आहे.

६.४४. उजवा पाय खाली सोडला. अंगठ्यापासून सुरुवात. ढेकळाने अंगठा चाटला. ओलं, कोमट. मग पाऊल चाटलं. मग पावलावर हनुवटी ठेवून झोपलं. पाय हलवला नाही. हलवावासाही वाटेना. एक महत्त्वाची नोंद: मी अजिबात ओरडलो नाही.

६.४८. मंडळी धावत आली. प्रतिक्षा विचारते, बाबा, काय झालं? दुकानापर्यंत ऐकू आलं.