पाणी ओता, असं सांगणारं पान

११ फेब्रुवारी
मिलिंदचा उजवा हात पोळला. कॉस्टिकने. पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या ज्या प्रोसेस हाऊसमध्ये तो कामाला आहे तिथे टाकीत कॉस्टिक सोडा सोडताना पाइप निसटला. मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत. त्याच्यासोबत काम करणाऱ्या रमेशचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात. आई बमरोलीहून रिक्षाने माझ्याआधी दवाखान्यात पोचलेली. एवढा उंचापुरा माझा भाऊ, गुडघे पोटाशी घेऊन खाटेवर पडला होता. आईच बोलत होती, एकच वाक्य परत परत. "लिंबू चोयलं म्हनते. लिंबू कायले चोयलं?"

१२ फेब्रु.
जळीत वॉर्डातल्या डॉ. हेतल. माझ्याच वयाच्या असतील. विचारलं, "पाणी का नाही ओतलं? नळ नव्हता?"
नळ होता. चार पावलांवर.
पण रमेशने मोबाइलवर शोधलं. हिंदीत. कॉस्टिकने जळालं तर काय लावायचं. पहिलं जे पान आलं ते उघडलं. लिंबाचा रस चोळा, खार मरतो. कँटीनमधून लिंबं आणली, दोघातिघांनी मिळून चोळली. डॉ. म्हणाल्या, लिंबाने भाजणं वाढतंच, पण खरं नुकसान वेळेचं. तेवढ्या वेळात नुसतं पाणी ओतत राहिले असते तर...
रमेश दाराशी उभा होता. "दीदी, सबसे ऊपर वही था." रडत होता.

१४ फेब्रु.
आज ऑफिसात ते पान उघडलं. घरगुती उपायांची साइट. लिहिणाऱ्याचं नाव नाही. मग हात सवयीने पुढे गेले. त्या पानाकडे कुठून कुठून लिंका येतात ते काढलं. दुसरं काय करते मी दिवसभर? लोकांच्या साइटना लिंका मिळवून देते, म्हणजे सर्चमध्ये त्या वर येतात.
लग्नाच्या हॉलची साइट. मोबाइल कव्हरं. राशिभविष्य. टाइल्स. आणि मग ओळखीचे ब्लॉग दिसायला लागले. आमचेच. ऑफिसने नुसत्या लिंका टाकायला काढून ठेवलेले, कुणी माणूस न वाचणारे.
ते गिऱ्हाईक आमचंच आहे. माझ्या टेबलावरचं नाही, पलीकडच्या टीमचं. घरी सांगितलं नाही.

१५ फेब्रु.
डोक्यातून जात नाही. असल्या फालतू लिंकांवर पान पहिलं येतं कसं? एरवी येत नाही, आलं तरी टिकत नाही. पण या प्रश्नावर हिंदीत दुसरं धड पानच नाही. रिकाम्या मैदानात कुणीही पहिला. सर्च इंजिनला लिंबू आणि पाणी यातलं काय कळतं? ते एवढंच बघतं की कोण कुणाकडे बोट दाखवतंय.

१७ फेब्रु.
केतनभाईंच्या केबिनमध्ये गेले. मालक वाईट माणूस नाही. आधी म्हणाले, "वैशालीबेन, ए पेज तो सारुं चाले छे." चांगलं चालतंय म्हणे. मग मिलिंदचं सांगितलं. त्यांनी लगेच माझ्यासमोर गिऱ्हाइकाला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडून उत्तर: "पेज हटाना नहीं है. नीचे लिख देंगे, डॉक्टर की सलाह लें."
फोन ठेवल्यावर केतनभाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. मी बाहेर आले.

२० फेब्रु.
ऑपरेशन. मांडीची कातडी काढून हाताला लावली. आई बाहेर बाकावर. बाबा गेले तेव्हाही अशीच बसली होती. मि. शुद्धीवर आल्यावर पहिलं विचारलं ते, बोटं आहेत का?
आहेत रे राजा. पाचही.

२४ फेब्रु.
डॉ. हेतलना विचारलं, तुम्ही सांगा, मी लिहिते. एक पान. हिंदी, मराठी, गुजराती. कॉस्टिक किंवा ॲसिड अंगावर पडलं तर काय करायचं. त्या म्हणाल्या, "नाव माझं घाला. माझं नाव असलं की चूक झाली तर मला विचारता येईल."
चहाच्या सुट्टीत सांगत होत्या, मी टाइप करत होते. कपडे काढा. अंगठी, घड्याळ, दोरा काढा. वाहतं पाणी, दवाखान्यात पोचेपर्यंत. लिंबू नाही, दही नाही, हळद नाही, टूथपेस्ट नाही. एवढंच. एवढ्याशा गोष्टीसाठी माझ्या भावाचा...

२ मार्च
पान नेटवर टाकलं. शोधून पाहिलं. पहिल्या पाच पानांत कुठेच नाही. लिंबूवालं जागचं हललेलं नाही. तळाशी बारीक अक्षरात डॉक्टरची सलाह.
आईने विचारलं, "तुयं लिव्हलेलं खरं हाय ना? मंग वर काऊन नाही दिसत?"
सांगायचा प्रयत्न केला. खरं असून भागत नाही, दुसऱ्यांनी आपल्या पानावरून आपल्याकडे बोट दाखवावं लागतं. त्याला लिंक म्हणतात. ते दुसरे पण असेतसे नकोत, ज्यांच्यावर लोक आधीच विश्वास ठेवतात असे हवेत. आणि त्याच विषयातले. भाजल्याचं भाजल्यावाल्याने सांगावं, टाइल्सवाल्याने नाही.
आई म्हणाली, "मंग इचार ना कोनाले तरी. घरात बसून कोन दाखवन बोट?"

६ मार्च
आज केतनभाई स्वतः टेबलाशी आले. म्हणाले, आपले सगळे ब्लॉग तुझ्या पानाकडे वळवतो. आठवड्यात वर येईल. मनापासून म्हणाले. त्यांनाही ते टोचत असणार.
दिवसभर विचार केला. मोह झाला, खोटं कशाला लिहू. उद्याच कुणावर तरी पाइप सुटेल.
पण मला माहीत आहे पुढे काय होतं. त्या ब्लॉगवर आधीच शंभर गोष्टींच्या लिंका आहेत. जो सगळ्यांसाठी साक्ष देतो त्याच्या साक्षीला वजन किती. आज वर, महिन्या-दोन महिन्यांत सर्च इंजिनला वास लागतो आणि ते पान असं गाडतं की परत निघत नाही. डॉ. हेतलच्या नावासकट. आणि मग आमच्यात आणि लिंबूवाल्यात फरक तो काय?
नाही म्हणून सांगितलं. बरोबर केलं की नाही, ठाऊक नाही.

१३ मार्च
ईमेल पाठवत्ये रोज. आरोग्याच्या साइट, कॉलेजं, कामगार संघटना. नेहमी ऑफिससाठी जे पाठवते तसं साचेबंद नाही. प्रत्येकाचं पान वाचून, तुमच्या अमुक लेखात तमुक ठिकाणी हे उपयोगी पडेल, असं. उत्तरं नाहीत.
मि. घरी आला. ड्रेसिंग करताना ओठ चावतो. आई तेव्हा स्वयंपाकघरात जाते.

१९ मार्च
एक उत्तर! पटेलकाका. कारखान्यांतले निवृत्त सेफ्टी ऑफिसर, हिंदीत साइट चालवतात. दिसायला अगदी जुनाट, पण कारखान्यांतले लोक तीच वाचतात. ईमेलमध्ये स्तुती एका शब्दाची नाही. लिहिलंय: कोरडी भुकटी अंगावर पडली तर आधी झटकायची, मग पाणी. हे तुमच्या पानात नाही. घाला, मग बघतो.
डॉ. हेतलना विचारलं. बरोबर आहे म्हणाल्या, कपाळाला हात लावला. घातलं.

२२ मार्च
काकांनी लिंक दिली. पानाच्या तळाशी कोंबलेली नाही, लेखाच्या मधोमध, वाक्यात: कॉस्टिक पडल्यावर पहिल्या मिनिटांत काय करावं. तेच शब्द लिंकचे. लोक जे शोधतात तेच. मी त्यांना शब्द सुचवलेही नव्हते.

३० मार्च
आमचं पान सर्चच्या दुसऱ्या पानावर आलं. त्या एका लिंकने. मग काकांचं वाचून एका कॉलेजच्या प्रयोगशाळेने आपल्या सूचनांत दिली, ओळख ना पाळख. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात एवढ्या थोड्या लिंकांवर काही हललेलं पाहिलं नव्हतं.
आनंदात मिलिंदला मोबाइल दाखवला. त्याने पाहिलं. मग म्हणाला, "तुयं पान वर चाललं ताई. माया हात?"
मूठ वळत नाही त्याची. दोन बोटं अर्ध्यावर थांबतात.
मोबाइल खाली ठेवला. जेवलो.

४ एप्रिल
रमेश आला होता. मिलिंदसमोर मान खाली. मि. म्हणाला, "बैठ ना. तूने थोडी डाला था." दोघं ओट्यावर बसले. बऱ्याच वेळाने हसण्याचा आवाज आला, कशावर ते कळलं नाही.

९ एप्रिल
सर्चच्या पहिल्या पानावर, तिसरं. वर दुसऱ्या कुणाचा व्हिडिओ, आणि सगळ्यात वर लिंबूवालं. अजून.
मिलिंदचं मिलमधलं काम गेल्यात जमा. पुढे काय, त्याचं बोलणं टाळतोय सगळे.

१५ एप्रिल
काल जयंती. मि. मिरवणुकीत गेला नाही, पण निळा सदरा घातला, डाव्या हाताने बटणं लावली. आईला लावू दिली नाहीत.

१७ एप्रिल
दुपारी ऑफिसात असताना आमच्या पानाखाली कॉमेंट आली. रोमन अक्षरांत हिंदी. नाव नाही. इच्छापोर, गावाचं नाव, एवढंच.
"पानी डाल रहे हैं. आँख में भी गया है. आँख में भी डालें क्या?"
आम्ही डोळ्याचं लिहिलंच नव्हतं. हात, अंग, कपडे, सगळं. डोळा नाही.
लगेच लिहिलं, हो, डोळ्यात पण, पापण्या बोटांनी उघड्या धरून, थांबू नका, १०८ लावा, रस्त्यातही ओतत राहा. डॉ. हेतलना फोन केला, त्यांनी तेच सांगितलं, आणि डोळ्यांच्या वॉर्डाला कळवते म्हणाल्या. केतनभाई माझ्या खुर्चीमागे येऊन उभे होते.
माझं उत्तर त्याने वाचलं का, कळायला मार्ग नाही. संध्याकाळपर्यंत दवाखान्यात इच्छापोरचं कुणी आलेलं नव्हतं. दुसरीकडे गेला असेल.
डोळ्याची ओळ पानात सगळ्यात वर घातली. त्याचं काही आलं का, परत परत पान ताजं करून पाहत्ये.