चौथा मजला विरुद्ध पहिला मजला

रविवार, ९ नोव्हेंबर

सकाळी फखरुन्निसाने सांदणं पाठवली. रत्नागिरीची बाई. ती पहिल्या मजल्यावर, आम्ही चौथ्या. माझ्या मुलाच्या, परीक्षितच्या मुंजीतला एक स्टीलचा डबा आहे, नाव घातलेला, तो आमच्यात वर-खाली फिरतो. माझी थालीपिठं गेली की तिच्याकडून काहीतरी येतं. रिकामा कधी नाही. कुवेतला आल्यापासून मला मैत्रीण म्हणाल तर ही एकच. सांदणं परीक्षितने रिफायनरीला जाताना उभ्या उभ्या संपवली. सूनबाईला एक मिळालं. लीनाने भांडी जरा जोरात घासली.

नात मुक्ता नववीत आहे. तिच्या वर्गाला वर्तमानपत्र काढायचंय — अमेरिकेतले शाळांचे खटले पेपरवाल्यांनी कसे छापले, यावर. शंभर वर्षांपूर्वी तिथे एका मास्तरावर खटला भरला म्हणे, माणूस जनावरापासून झाला असं वर्गात शिकवलं म्हणून. पुढे उलटे खटले — देवाने जग केलं हे विज्ञानाच्या तासाला घुसवलं म्हणून. त्या पहिल्या खटल्याला वार्ताहरांची जत्रा. आणि गावात एक माकड आणलेलं, अंगात कोट! मी असते तर आधी माकडच बघून आले असते.

सोमवार, १० नोव्हेंबर

खाली फखरुन्निसाकडे मेथी निवडत बसलो होतो. मुक्ता फोन पुढे धरून आली. आमची मुलाखत!

मी म्हटलं, जग त्याने केलं, त्यात विचारायचं काय? पण विज्ञानाच्या तासाला विज्ञान शिकवा, देवाचं आम्ही घरी बघतो.

फखरुन्निसा म्हणाली, "माझंही तेच लिही गो. गणिताच्या तासाला कोण नमाज शिकवतं?"

मुक्ताचं तोंड एवढंसं झालं. "पण मला दोन साइड्स हव्यात. तुम्ही दोघी सेम आहात!"

तेवढ्यात मला वरचा कुकर आठवला. पळाले. डाळ लागलीच.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

मुक्ताच्या वर्तमानपत्रात फोटो आला. माझा! चष्म्यासकट, केवढा मोठा. मुक्ताने इंग्रजी वाचून मराठीत सांगितलं. मथळा — 'चौथा मजला विरुद्ध पहिला मजला'. माझ्या खाली लिहिलंय, विज्ञानाची बाजू. मी, विज्ञान! चौथीत शाळा सुटली माझी, शेण गोळा करायला. लीनाने फ्रिजवर चिकटवला. नाशिकला बहिणीला पाठवला तर ती विचारते, देव विकलेस की काय?

फखरुन्निसाचा फोटो खाली, तिकिटाएवढा. तिचं म्हणणं काय, तर माकडाचा धडा पुस्तकातून फाडून टाका.

मुक्ताला परत वाचायला लावलं. तेच निघालं. असं बोलली ही? मी कुकरला पळाले तेव्हा बोलली असणार. छापलंय म्हणजे बोललीच असणार.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

डबा आला नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आजही नाही. लिफ्टमध्ये भेटली. मी आरशात बघून पदर नीट करत राहिले. ती म्हणाली, "वारा सुटलाय आज." मी म्हटलं, हो. पहिला मजला यायला एवढा वेळ कधी लागला नव्हता.

परीक्षित म्हणतो, "आई, फुगलीस कशाला? जिंकलीस ना तू?"

जिंकले खरी. संध्याकाळी फहाहीलच्या समुद्रावर एकटी बसून आले. बाकडं फार मोठं आहे ते. आणि काय सांगू, बोलायला कुणी नसलं की गुडघेच दुखतात. तिला राग आलाय. असू दे. पण डबा कशाला अडवून ठेवायचा? मुंजीतला आहे तो.

रविवार, १६ नोव्हेंबर

मुक्ताला समोर बसवलं. म्हटलं, माझ्या मागे तुझी फखरुन्निसा खाला नक्की काय बोलली?

"आजी, रिलॅक्स. ती काहीच नाही बोलली."

मग सगळं बाहेर आलं. टीचर म्हणाल्या होत्या, दोघींचं एकच असेल तर बातमी कसली, एकीलाच ठेव. ही रडकुंडीला येऊन खालाकडे गेली. तर खाला म्हणाली, "आजीचा फोटो मोठा येऊ दे. मला टाक पलीकडे. काय हवं ते लिही माझ्या नावावर, पण जोरात लिही गो."

आणि मी लिफ्टमध्ये पदर नीट करत होते.

मुक्ताला म्हटलं, अगं, खोटं छापलंस की. तर म्हणते, "शी गेव्ह परमिशन."

उद्या शिरा करते. कशातून नेऊ? डबा तर तिच्याकडे. असो, पातेल्यातून नेईन.

सोमवार, १७ नोव्हेंबर

कोथिंबिरीसाठी फ्रिज उघडला. कोथिंबीर मुंजीच्या डब्यात. सांदणांचा डबा मीच धुऊन त्यात कोथिंबीर भरून ठेवली होती. पाळी माझी होती!

शिरा भरून खाली गेले. फखरुन्निसा झाकण उघडून म्हणाली, "मला वाटलं, विज्ञानवाल्यांनी खालच्या मजल्याशी जेवणच तोडलं."

डबा कुठे होता ते सांगितलं. डोळे पुसेपर्यंत हसली. मुक्ताला सांगायचं नाही, यावर आमचं दोघींचं एकमत झालं. छापेल ती.