पाळण्याचा लाल थर

।। श्री ।।
सांगली, ९ जानेवारी २०२४

ती. मनूआत्यास,
शिवांजलीचा शि. सा. न. वि. वि.

फोन लावला की तुझ्या कानातलं यंत्र शीळ घालतं आणि तू 'कोण बोलतंय' एवढंच विचारत राहतेस, म्हणून पुन्हा पत्रावर आले. तुझा शिवणवर्ग कसा चालला आहे? गुडघे काय म्हणतात?

परवा दारावर बोहारीण आली होती. लोक तिला जुने कपडे देऊन भांडी घेतात. मी तिला कोरा स्टीलचा डबा दिला आणि तिच्या गाठोड्यातली एक जुनी डाळिंबी इरकल काढून घेतली. पदर विरलाय, पण काठ अजून जसाच्या तसा. ती बिचारी जाताना मागं वळून वळून विचारत होती की ताई, घरात सारं बरं हाय न्हवं. जुन्या कपड्यांचं हे वेड तूच मला लावलंस, तेव्हा आता हसू नकोस.

खरी बातमी पुढेच आहे. मार्केट यार्डामागे नाथाजीची जुन्या लाकडी सामानाची वखार आहे, तिथे मला एक पाळणा मिळाला. सागवानी, कातीव दांड्यांचा, चारी कोपऱ्यांवर लाकडी पोपट. कुणा हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरातला आहे म्हणे. वरून रंगाचे थरच्या थर चढवलेत, पण ते खरवडून काढले की आतलं लाकूड दिसेल. धैर्यशील सुट्टीवर येतील तोवर मला तो तयार ठेवायचा आहे.

चौथा महिना लागला. मागच्या वेळी तिसराही पुरा झाला नव्हता. मला रोज सकाळी आधी भीती वाटते आणि मग जाग येते. हात कामात असला की बरं वाटतं.

माया आहे तेवढीच राहू दे, गुडघ्यांना तेल लाव.

तुझी,
शिवू


।। श्री ।।
सातारा, १५ जानेवारी

चि. शिवांजलीस,
मनूआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

डबा दिलास तो कुठला? मी दिवाळीत दिलेला नव्हे ना? असेल तर ती इरकल माझी. काठ उसवून ठेव, मी उन्हाळ्यात त्याची गोधडी करीन.

पाळण्याचं वाचून मात्र माझा जीव खाली-वर झाला. अगं, पाळणा बाळ झाल्यावर घरात आणायचा असतो. इतकी शिकलीस आणि एवढं ठाऊक नाही? तुझी आई लवकर गेली, हे सांगायचं काम माझं होतं आणि ते राहून गेलं. आता आणलाच आहेस तर परत करू नकोस, तेही बरं नाही. मागच्या खोलीत ठेव. काय करायचं ते दार लावून, खिडक्या बंद करून कर. समोरच्या वहिनींना दिसता कामा नये, आवाजही जाता कामा नये. मागच्या वेळी आपण दुसऱ्याच महिन्यात पेढे वाटत सुटलो होतो. दृष्टबिष्ट मानत नाही असं तू म्हणतेस. मीही तशी फारशी मानत नाही, पण भिते. सहा वर्षं वाट पाहून हे दिवस आलेत.

सोबत पार्सल पाठवते आहे. त्यात तुझीच झबली, टोपडी आणि खणाची कुंची आहे. बाळाच्या अंगावर पहिलं वस्त्र जुनं घालतात, आणि ज्या मुलाचं ते असेल ते मूल धडधाकट निघालेलं असावं लागतं. तू चांगली धडधाकट निघालीस, उलट बोलण्यात तर जास्तच. कपडे त्याच खोलीत ठेव, पाळण्याजवळ.

जिवाला जप आणि मला विसरू नकोस.

तुझी,
मनूआत्या


।। श्री ।।
सांगली, ३१ जानेवारी

ती. मनूआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं. कुंची हातात घेतली आणि माझ्या डोक्याला लावून पाहिली. एवढीशी होते मी? झबली मागच्या खोलीतल्या फडताळात ठेवली आहेत, सध्या उघडीच, कारण रोज एकदा तरी बघावीशी वाटतात.

तू सांगितलंस तसंच चाललं आहे. मागची खोली, दार बंद, खिडक्या बंद. पंखाही लावत नाही, कारण पूड सगळीकडे उडते. दुपारी जेवण झालं की काचपेपर घेऊन बसते. वरचा थर पिवळसर पांढरा निघाला, त्याखाली पोपटी आणि सगळ्यात खाली कुंकवासारखा लाल. हा लाल काही केल्या सुटत नाही. घासून घासून त्याची पिठासारखी मऊ पूड होते आणि नखांत बसते. पण एका पोपटाची चोच मोकळी झाली आहे, आत सोन्यासारखं सागवान आहे. कंटाळा आला की तिथेच कॉटवर पडते आणि त्या पोपटाकडे बघत राहते.

आठवडाभर पोटात मुरडा येतो आहे आणि डोकं जड असतं. तोंडाला सारखी पैसा चाटल्यासारखी चव. सासूबाईंना तासगावला फोन केला, त्या म्हणाल्या की दिवसांत अशी चव बिघडतेच, आवळा चघळ. चघळते आहे. तरी मुरडा आला की मी बोटांवर दिवस मोजायला लागते. मागच्या वेळीही पोटातच दुखायला लागलं होतं.

तू काहीतरी धीराचं लिही. तुझं अक्षर बघितलं तरी मला बरं वाटतं.

तुझी,
शिवू


।। श्री ।।
सातारा, १२ फेब्रुवारी

चि. शिवांजलीस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, वर्गातल्या मुलींची परीक्षा होती. पोटात मुरडा येतो म्हणजे वायू असणार. ओवा भाजून खा, थंड पाणी पिऊ नकोस. तुझ्या आईलाही तुझ्या वेळी तोंडाची चव नव्हती, ती तर भिंतीचा पोपडा खायची. तेव्हा उगाच घाबरू नकोस.

पाळण्याचं काम अर्धं टाकू नकोस. अर्धवट पाळणा घरात राहणं मला बरं वाटत नाही. लाल थर सुटत नसेल तर जरा जोर लावून घास, हाताला तेवढाच व्यायाम. आणि एक राहिलं. त्या खोलीला वर झरोका आहे ना, तो समोरच्या गच्चीवरून दिसतो. त्याला वर्तमानपत्र चिकटवून टाक. एवढे महिने निभावले, थोड्यासाठी कुणाच्या डोळ्यांवर यायला नको.

धैर्यशीलरावांना आशीर्वाद कळव. लोभ आहेच, तू फक्त खुशाली कळवत जा.

तुझी,
मनूआत्या


सांगली, १२ फेब्रुवारी

आत्या,

आज मायना लिहायचं सुचत नाही, रागावू नकोस.

सकाळी तपासणीला गेले होते. डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं की दिवसभर काय करतेस. मी मोठ्या फुशारकीने पाळण्याचे फोटो दाखवले, रंगाचे तीन थर दाखवले. त्यांनी फोन बाजूला ठेवला. मग माझा हात उजेडात धरून नखं पाहिली आणि विचारलं की किती दिवस घासते आहेस, तोंडाला फडकं बांधत होतीस का, खिडक्या उघड्या होत्या का. मी नाही म्हटलं. का बंद होत्या ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

जुन्या तैलरंगात शिसं असतं, आत्या. लाल आणि पिवळ्यात जास्तच. घासलं की त्याची पूड श्वासातून, हातांवरून पोटात जाते. आईच्या रक्तातून ते बाळापर्यंत पोचतं आणि त्याच्या मेंदूला धक्का लावू शकतं. गर्भ पडूही शकतो असंही त्या म्हणाल्या. हळू आवाजात म्हणाल्या, पण मी ऐकलं.

रक्त पुण्याला पाठवलं आहे, रिपोर्ट यायला वेळ लागेल. तोवर त्या घरात राहायचं नाही. खोली झाडायचीही नाही, झाडली तर पूड पुन्हा उडेल. मी उद्या तासगावला सासूबाईंकडे जाते.

हात किती वेळा धुतले कळत नाही. नखं मुळापर्यंत कापली. मी ज्या बाळासाठी तो पाळणा घासत होते, त्यालाच मी रोज दुपारी विष चारत होते. मला खूप भीती वाटते.

शिवू


सातारा, १७ फेब्रुवारी

चि. शिवू,

तुझं पत्र आणि झरोका बंद कर म्हणून लिहिलेलं माझं पत्र एकाच दिवसाचं आहे. माझं तुला पोचलं असेल तर फाडून टाक. तुझ्या हाती पडण्याआधी ते वाटेत हरवलं असेल तर देवाचे उपकार.

मी खिडक्या लावायला सांगितल्या. तू नाही लावल्यास, मी लावल्या. माणसांच्या डोळ्यांची एवढी भीती मला, आणि हातातल्या पुडीची काहीच नाही. काल वर्गात मशीनवर बसले, दोरा ओवता येईना. मुलींनी विचारलं, मी चष्म्याला दोष दिला.

काही मागायला मला तोंड नाही. घराची किल्ली कुणाकडे ठेवलीस तेवढं कळव.

मनूआत्या


।। श्री ।।
तासगाव, २६ फेब्रुवारी

ती. मनूआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं झरोक्याचं पत्र समोरच्या वहिनींनी मला इथे पाठवून दिलं. खोटं कशाला लिहू, मी तुझ्यावर खूप रागावले. इतकी की तुला उत्तर द्यायचं नाही असं ठरवून टाकलं. सासूबाईंनी ओळखलं. म्हणाल्या, पोरी, राग आला आसंल तर भांड, पन अबोला धरू नगंस, त्यास्नी तुझ्याबिगर कोन हाय. त्यांचं म्हणणं पटायला मला बरेच दिवस लागले. आता राग उतरला आहे. काचपेपर माझ्या हातात होता आणि तुझं ऐकायचं मीही ठरवलं होतं, कारण मीही तुझ्याइतकीच भ्यालेले होते.

रिपोर्ट आला. शिसं आहे. असायला हवं त्यापेक्षा बरंच जास्त, पण ते उतरवायचं कडक औषध द्यावं इतकं नाही. त्या हवेतून बाहेर पडले की हळूहळू कमी होईल असं डॉक्टरीणबाई म्हणतात. कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत, महिन्याने पुन्हा रक्त तपासायचं. बाळाची वाढ आज तरी ठीक दिसते. त्याच्यापर्यंत किती पोचलं, काही झालं का, हे ते जन्मल्यावर आणि मोठं होतानाच कळेल. मी विचारलं की नक्की काही होणार नाही ना. त्या म्हणाल्या की असं वचन मला देता येत नाही.

धैर्यशीलना कळवलं. ते फोनवरच म्हणाले की सुट्टी मागतो.

इथे शेडवर बेदाणा निवडायला बायका येतात, त्यांच्यात बसते. दोन दिवसांपासून बाळ हलायला लागलं आहे. आनंद व्हायला हवा. पण ते हललं की भीती वाटते आणि हललं नाही की त्याहून जास्त.

किल्ली समोरच्या वहिनींकडे आहे. पण तू तिथे एकटी जाऊ नकोस.

राग गेला आहे, माया कुठे गेली नव्हती.

तुझी,
शिवू


।। श्री ।।
सांगली, ५ मार्च

चि. शिवांजलीस,
मनूआत्याचे अनेक आशीर्वाद.

तू नको म्हणालीस तरी मी आले. एकटी मात्र नव्हते. किल्ली मागायला गेले तर समोरच्या वहिनी पदर खोचून माझ्याबरोबरच आल्या. ज्या बाईपासून तुला लपवायला लावलं, तिला सगळं माझ्याच तोंडानं सांगावं लागलं. ती म्हणाली, आवं आत्या, आदी सांगितलं आसतं तर मी खिडकीच उगडून दिली आसती. मी खाली मान घालून फडकं पिळत राहिले.

डॉक्टरीणबाईंना विचारून आले होते. तोंडाला मास्क बांधून आम्ही सगळं ओल्या फडक्यांनी पुसलं, झाडू लावला नाही. फरशी पुसली, भिंती पुसल्या, कॉटचे पाय पुसले. पाणी किती वेळ गुलाबी येत होतं ते तुला सांगत नाही. गादी टाकून दिली. पाळणा ओल्या गोणपाटात आणि प्लास्टिकमध्ये बांधून परसात ठेवला आहे. नाथाजी न्यायला आला होता, एखाद्या हॉटेलात शोभेला देतो म्हणाला. मी दिला नाही. उद्या तिथेही एखादं पोर दांड्याला दात लावील. पालिकेच्या माणसांना विचारून काय ते करू.

मग फडताळाकडे वळले. तुझी झबली तू उघडीच ठेवली होतीस. कुंचीच्या प्रत्येक चुणीत तो लाल बसला होता. मी ती तुझी म्हणून बत्तीस वर्षं डांबराच्या गोळ्यांत जपली होती. धुतली तर निघेल असं वहिनी म्हणाल्या. निघेलही. पण निघालं की नाही हे मला डोळ्यांनी दिसणार नाही, आणि जे दिसत नाही त्यावर मी आता विश्वास ठेवणार नाही. तीही बांधून टाकली.

तशीच उठून बाजारात गेले. कपड्यांच्या एका दुकानात चढले आणि झबली दाखवा म्हटलं. दुकानदाराने विचारलं की मुलगा झाला का मुलगी, किती दिवसांचं आहे. शिवू, आयुष्यभर मी बायकांना सांगत आले की आधी कुणाला कळू द्यायचं नाही, आधी नवं घ्यायचं नाही. त्या गर्दीत, गिऱ्हाइकांच्या देखत, मी त्याला म्हटलं की अजून व्हायचं आहे, आमच्या हातून एक मोठी चूक झाली आहे, ते नीट होऊ दे म्हणा.

त्याने कापडाची घडी खाली ठेवली. म्हणाला, हुईल वो आज्जी, ब्येस हुईल, बसा तुमी. मी तिथल्या स्टुलावर बसले आणि सगळ्यांसमोर रडले.

पांढऱ्या मलमलची चार झबली घेतली आहेत. परवाच्या गाडीने तासगावला येते. उरलेले महिने मला तुझ्याजवळ राहू दे. भीती दोघींची एकच आहे, एका घरात बसून भिऊ.

तुझी,
मनूआत्या